घरातला बर्थ पूल: जमिनीला भार झेपेल का, हे कसं तपासायचं? (ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी)

ब्रिटनमध्ये घरी बाळंत होणं हा एनएचएसचा रीतसर पर्याय आहे. गरोदरपण कमी जोखमीचं असेल तर मिडवाइफशी त्याबद्दल बोलता येतं, कळा सुरू झाल्या की मिडवाइफ घरी येतात, आणि कळा सोसताना कोमट पाण्यात बसायचं असेल तर हवा भरून उभा करायचा पूल भाड्याने किंवा विकत मिळतो. मी इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते. त्यामुळे ओळखीतल्या जोडप्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: ताई, आमच्या जमिनीला हे वजन झेपेल का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर घरागणिक बदलतं, पण ते शोधायची वाट सगळ्यांना सारखीच आहे.

घरी बाळंत व्हावं की नाही, हा माझा प्रांत नाही. ते मिडवाइफ आणि डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. मात्र इंग्लंडमधल्या ‘बर्थप्लेस’ अभ्यासातली एक गोष्ट जमिनीचा विचार करतानाही डोक्यात हवी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरी बाळंतपण सुरू केलेल्या पहिलटकरणींपैकी १०० मधल्या सुमारे ४५ जणींना मध्येच हॉस्पिटलात हलवावं लागलं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाणही पहिल्या खेपेला हॉस्पिटलपेक्षा थोडं जास्त, हजारी ५ ऐवजी ९, असं दिसलं. म्हणजे पूल जिथे मांडाल तिथून आईला चटकन बाहेर नेता आलं पाहिजे. जागा ठरवताना हे भाराइतकंच महत्त्वाचं आहे.

आधी वजनाचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घरगुती पुलांमध्ये साधारण ४०० ते ६५० लिटर पाणी मावतं. ६०० लिटरचा पूल धरला तर पाणी ६०० किलो, पूल आणि त्याचं अस्तर मिळून २० किलो, आई ७० किलो, काठाशी बसलेला नवरा ८० किलो आणि बाजूला दोन मिडवाइफ. बेरीज ९०० किलोच्या वर जाते. दहा-बारा मोठी माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी राहिली तर जेवढा भार पडेल, तेवढा हा भार आहे. फरक एवढाच, की माणसं पांगतात आणि पाणी तासन्‌तास तिथेच असतं.

एकूण वजनापेक्षा ते किती जागेवर उतरतं, हे जास्त महत्त्वाचं. त्यासाठी एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवा: पाण्याच्या प्रत्येक १० सेंटीमीटर खोलीमागे दर चौरस मीटरला १०० किलो. बसल्यावर आईचं पोट पूर्ण बुडावं म्हणून पाणी साधारण ५० सेंटीमीटर लागतं. म्हणजे पाण्याखालच्या जागेवर दर चौरस मीटरला ५०० किलो.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये राहत्या घराची जमीन माणसं आणि सामानासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका भार धरून आखतात. भारतात आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे हाच आकडा २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे.

५०० विरुद्ध १५० हे आकडे शेजारी पाहून काही जण तिथेच बेत सोडतात. तेवढ्यावर सोडू नका. १५० किलो हा आकडा एकाच वेळी सगळ्या खोलीभर धरलेला असतो. १५ चौरस मीटरच्या खोलीत तो सव्वादोन टनांच्या आसपास जातो, आणि पूल असताना बाकीची खोली जवळजवळ रिकामीच असते. शिवाय आखणीत वर सुरक्षेचा गुणक असतो, आणि लाकूड थोड्या काळासाठी आलेला भार कायमच्या भारापेक्षा जास्त सोसतं. पण ‘एकूण वजन मर्यादेत आहे, मग काय होतंय’ असंही म्हणू नका. भार एका जागी साठला की जमीन कुठे आणि किती वाकते, ते बदलतं. खरा हिशोब तिथेच आहे.

कार्पेटखाली काय आहे ते ओळखा

मराठी घरांचा अंदाज चुकतो तो बहुतेक इथेच. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला जमीन म्हणजे आरसीसी स्लॅब. त्यावर पाण्याचा पिंप ठेवा, गोदरेजचं कपाट ठेवा, शंभर माणसांची पंगत बसवा, कुणी खाली बघत नाही. १५ सेंटीमीटरच्या काँक्रीट स्लॅबचं स्वतःचं वजनच दर चौरस मीटरला ३६० किलोच्या पुढे असतं, आणि एवढं अंग सांभाळायला तो आधीच दणकट केलेला असतो. ब्रिटनमधल्या बहुतेक दुमजली घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडाची असते: ठरावीक अंतरावर आडव्या कड्या, ज्यांना इथे जॉइस्ट म्हणतात, आणि त्यांवर फळ्या. जुन्या वाड्यातल्या माडीचं कडीपाटाचं काम पाहिलं असेल तर रचना लगेच ध्यानात येईल. अशा जमिनीचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला जेमतेम ५० किलोच्या आसपास असतं. तिच्यावर ५०० किलोचा भार ही मोठी गोष्ट आहे. वर जाड कार्पेट असल्यामुळे दोन्ही जमिनी पायाला सारख्याच वाटतात.

ओळखायचं असं:

१. खोलीच्या मधोमध टाचा उचलून एकदम खाली आदळा. कपाटातल्या काचा किणकिणल्या, जमीन थरथरली, तर खाली लाकूड आहे. स्लॅब असेल तर नुसता बद्द आवाज येतो.

२. तळमजल्यासाठी बाहेर जाऊन भिंतीच्या पायथ्याशी बघा. विटेच्या आकाराच्या जाळीदार खिडक्या, म्हणजे एअर ब्रिक, दिसल्या तर बहुधा तळमजलाही लाकडी आहे आणि खाली हवा खेळायला पोकळी आहे. काही काँक्रीटच्या जमिनींखालीही अशी पोकळी असते, म्हणून टाचांची परीक्षा जोडीला हवीच.

३. तरीही खात्री नसेल तर कार्पेटचा कोपरा भिंतीपासून अलगद उचला. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला विचारा.

घर विकत घेताना सर्व्हेअरचा अहवाल मिळाला असेल तर तो उघडा. जमीन कसली आहे आणि कुठे ओल आढळली, हे त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचलेलं नसतं.

तळमजला असेल तर

थेट जमिनीवर टेकलेला काँक्रीटचा तळमजला असेल तर भाराची चिंता मिटली. थेट पुढचा पाण्याच्या व्यवस्थेचा भाग वाचा.

लाकडी तळमजलाही वरच्या मजल्यापेक्षा बराच भरवशाचा असतो, कारण त्याच्या कड्यांना बऱ्याच घरांत मध्ये-मध्ये बुटक्या विटांच्या भिंतींचा आधार असतो. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लहान झाला की कडी कमी वाकते. धोका असतो तो ओलीचा. एअर ब्रिक मातीने, अंगणातल्या डेकिंगने किंवा नव्या फरसबंदीने बुजले असतील तर खालची हवा कोंडते आणि कड्यांची टोकं कुजतात. कुजलेली कडी कार्पेटखाली वर्षानुवर्षं गप्प राहते. भिंतीलगत चालताना जमीन मऊ लागते का, कुबट वास येतो का, भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी जमिनीपासून सुटली आहे का, ते बघा. यातलं काहीही आढळलं तर तो कोपरा सोडा आणि जमीन तपासून घ्या.

निवड हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पूल तळमजल्यावरच मांडा. बैठकीच्या खोलीत खासगीपणा कमी वाटतो, बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आई-सासूबाईंना कुठे बसवायचं हाही प्रश्न पडतो. पण पडदे लावता येतात, माणसांना वर पाठवता येतं. आणि हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर अरुंद, वळणाचा जिना वाटेत येत नाही.

वरच्या मजल्यावरच मांडायचा असेल तर

इथे तीन गोष्टी शोधायच्या: कड्या कोणत्या दिशेने धावतात, दोन आधारांमधला गाळा किती, आणि कड्या किती उंच आहेत.

दिशा फळ्यांवरून कळते. फळ्या कड्यांना काटकोनात ठोकलेल्या असतात, आणि खिळ्यांची सरळ ओळ जिथे दिसते तिथे खाली कडी असते. गाळा म्हणजे एका आधार-भिंतीपासून दुसऱ्या आधार-भिंतीपर्यंतचं अंतर. ते खोलीइतकंच असेल असं धरून चालू नका. खालच्या मजल्यावर दोन खोल्या एक करण्यासाठी भिंत पाडली असेल तर तिथे स्टीलची तुळई घातली आहे का, त्या कामाला कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी होती का, हे कागदावर पाहिल्याशिवाय वर पूल मांडू नका.

उंचीचं महत्त्व समजून घ्या. कडीची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्याच रुंदीची ८ इंची कडी ६ इंचीपेक्षा पावणेदोन पट भार घेते. याच नियमाने उलटंही होतं: प्लंबरने पाइप नेण्यासाठी ७ इंची कडीला वरून १ इंचाची खाच मारली, की त्या जागची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटते. जुन्या घरांत रेडिएटरच्या पाइपांसाठी अशा खाचा एका ओळीत मारलेल्या सापडतात.

आता जागेचा हिशोब करू. समजा गाळा ३.६ मीटर आहे. पाण्याखालचा भाग कडीच्या दिशेने १.२ मीटर लांब आहे आणि पाणी ५० सेंटीमीटर आहे. पूल बरोबर मधोमध ठेवला तर त्याच्या खालच्या कड्यांवर वाकवणारा जोर, १५० किलोच्या भाराने खोलीभर जेवढा धरतात, त्याच्या सुमारे १.८५ पट येतो. तोच पूल कड्यांची टोकं जिथे टेकतात त्या भिंतीकडे सरकवला, पाण्याची कड भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर आणली, तर हा जोर १.४ पटीपर्यंत उतरतो. एवढ्याशा सरकवण्याने पाव हिस्सा कमी. हा ढोबळ हिशोब आहे. फळ्या काही भार शेजारच्या कड्यांना वाटून देतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे खाली येतात. कड्या धडधाकट आणि पुरेशा उंच असतील तर इंजिनिअर पाहणी करून होकार देऊ शकतो. पण १.४ हाही एकाहून जास्तच आकडा आहे, म्हणून वरच्या मजल्याला ‘भिंतीकडे सरकवा, होऊन जाईल’ असं मी कुणालाच सांगत नाही.

जागा निवडताना:

– कड्यांची टोकं जिथे टेकतात अशी भिंत धरा. कड्यांना समांतर धावणाऱ्या भिंतीलगत ठेवून हा फायदा मिळत नाही. तिथे सगळा भार भिंतीजवळच्या दोन-तीन कड्यांवर पडतो.

– पूल लांबट असेल तर त्याची लांब बाजू कड्यांना आडवी ठेवा. भार जास्त कड्यांत वाटला जातो.

– बे विंडोच्या कोनाड्यात ठेवू नका. वरच्या मजल्यावरच्या बे विंडोची चौकट अनेकदा वेगळी आणि हलकी असते.

– जुन्या शेगडीपुढची (फायरप्लेसपुढची) जागा टाळा. तिथे दगडी ओटा बसवण्यासाठी कड्या कापून एका आडव्या कडीला टांगलेल्या असतात. जिन्याच्या तोंडाशी असंच असतं.

– माळ्याचं बेडरूम केलेलं असेल तर मंजुरीची कागदपत्रं आणि इंजिनिअरची गणितं हातात असल्याशिवाय तिथे पूल नको. नुसत्या फळ्या टाकून सामान ठेवायला केलेल्या माळ्यावर तर मुळीच नको.

नव्या घरांची एक वेगळी गोष्ट. तिथे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या किंवा धातूच्या जाळीच्या कड्या आणि वर २२ मिलिमीटर जाड चिपबोर्ड असतो. गाळे मोठे असतात, म्हणून जमीन जरा झुलते. ही रचना गणिताने नेमकी बसवलेली असते, त्यामुळे अंदाजाने वाढीव भार टाकायला तिच्यात जुन्या जाड कड्यांइतकी ढील नसते. बिल्डरकडून आराखडे मिळाले तर इंजिनिअरचं काम फार सोपं होतं. चिपबोर्ड एकदा चांगला भिजला की फुगतो आणि त्याची ताकद जाते, हेही ध्यानात ठेवा.

खाली प्लायवुड टाकलं तर? लोक हे आवर्जून विचारतात. १८ मिलिमीटरचं प्लाय फळ्यांमधला भार सारखा करतं, मऊ फळी वाचवतं. कडीवरचा एकूण भार मात्र त्याने कमी होत नाही. खालच्या खोलीत लोखंडी टेकू लावणं हा उपाय कधी कधी योग्य असतो, पण टेकूचा पाय ज्या जमिनीवर येतो तीही तपासावी लागते. स्वतःच्या मनाने लावू नका.

इंजिनिअरला कधी बोलवायचं

लाकडी वरचा मजला असेल तर बोलवाच. तळमजल्यावर ओल, मऊपणा, उतार, किंवा खालच्या छताला कड्यांच्या दिशेने गेलेल्या भेगा दिसल्या तरीही बोलवा. मिडवाइफ घर बघायला येते तेव्हा जागा, वीज, पाणी, बाहेर पडायची वाट हे बघते. जमिनीच्या ताकदीची हमी देणं तिचं काम नाही, आणि तिने ‘ठीक वाटतंय’ म्हटलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या.

इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले चार्टर्ड इंजिनिअर शोधता येतात. फोन करताना पुलाची क्षमता, पाण्याची खोली, पुलाचं आतलं आणि बाहेरचं माप, खोलीची मापं आणि कड्यांची दिशा सांगितलीत तर काम लवकर होईल. उत्तर लेखी मागा. हे सगळं सातव्या महिन्याच्या सुमारास उरका, म्हणजे नकार आला तर दुसरी व्यवस्था करायला वेळ राहतो. लहान पूल, तळमजला, किंवा मिडवाइफ चालवत असलेलं बर्थ सेंटर, जिथे अनेकदा पक्के बांधलेले पूल असतात. हे तिन्ही चांगले पर्याय आहेत, आणि नकाराने हिरमुसून जायचं काही कारण नाही.

फ्लॅट, भाड्याचं घर, विमा

काँक्रीटच्या इमारतीतला फ्लॅट भाराच्या दृष्टीने बहुधा सुरक्षित असतो, तरी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून खात्री करून घ्या. जुनं मोठं घर कापून केलेला फ्लॅट मात्र लाकडी जमिनीचा धरून चाला. तिथे खाली दुसऱ्याचं घर आहे, म्हणून परवानगी आधी. भाडेकरू असाल तर घरमालकाला लेखी विचारा. विमा कंपनीला पूल भरणार आहोत हे आधी कळवा आणि पाणी सांडून झालेलं नुकसान धरलेलं आहे का ते विचारा.

रंगीत तालीम आणि पाणी

जमीन ठीक आहे असं ठरल्यावर एकदा पूल मांडून भरून बघा. शंका असलेल्या जमिनीवर ‘भरून बघू, काय होतंय’ म्हणून हा प्रयोग करायचा नाही. नळाला जोडणी बसते का, गरम पाणी पुरतं का, भरायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी समजतं. साठवणीची टाकी असेल तर गरम पाणी मध्येच संपतं.

वरच्या मजल्यावर १०-१० सेंटीमीटरच्या टप्प्याने भरा. खालच्या खोलीत कुणालाही थांबू देऊ नका. भरण्याआधी खाली, पूल जिथे येणार त्याच्या बरोबर खालच्या जागी, एक सरळ लाकडी पट्टी उभी करून तिच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजून ठेवा. प्रत्येक टप्प्याला नळ बंद करा, पटकन मोजा आणि बाहेर या. थोडं वाकणं स्वाभाविक आहे. छताला नवी भेग गेली, प्लास्टरचा चुरा पडला, कडाडल्याचा आवाज आला, किंवा नळ बंद असतानाही अंतर कमी होत राहिलं, तर पंप लावून रिकामा करा आणि इंजिनिअरला फोन करा.

तालीम झाली की पाणी त्याच दिवशी काढून टाका. कळा सुरू होण्याआधी पूल भरून, पाणी फिरवत गरम ठेवायचं नाही. कोमट साचलेल्या पाण्यात लिजनेला जंतू वाढतात. एका नवजात बाळाला अशा पुलामुळे लिजनेअर्स हा फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्यावर जून २०१४ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड आणि एनएचएस इंग्लंडने आधीपासून भरून गरम ठेवायच्या पुलांविरुद्ध इशारा दिला होता. पूल कळा सुरू झाल्यावरच भरायचा, पिण्याच्या पाण्यासाठी चालणाऱ्या नव्या नळीने, नवं अस्तर घालून. पाण्याचं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. मिडवाइफ दर तासाला ते बघते.

पुलाखाली जलरोधक ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा वर वळवा. विजेचे एक्स्टेंशन बोर्ड त्या खोलीतून बाहेर काढा. उपसायचा पंप कुणी पाण्यात असताना जोडायचा नाही.

रिकामा करताना

६०० लिटर पाणी १० लिटरच्या बादलीने उपसायचं तर ६० खेपा होतात, आणि त्या रात्री घरात कुणाच्याही अंगात तेवढी ताकद नसते. पाण्यात टाकायचा पंप भाड्याच्या संचात आहे ना, ते आधी बघा. गाळणीने मोठा कचरा काढून घ्या. नळीचं दुसरं टोक संडासात सोडा आणि कुणीतरी ते धरून बसा. नळी निसटून जमिनीवर पडली की काही मिनिटांत छत भिजतं. पाणी असताना पुलाच्या कडेतली हवा सोडू नका.

पूल उचलल्यावर ताडपत्रीखाली हात फिरवून बघा. कार्पेट ओलं लागलं तर ते उचलून खालच्या फळ्या किंवा चिपबोर्ड मोकळ्या हवेत वाळू द्या, पंखा लावा, आणि पुढचे काही दिवस खालच्या छतावर डाग उमटतो का ते बघत राहा. डाग दिसला किंवा छत फुगलं तर त्याखालचा पाळणा, सोफा हलवा आणि घरमालकाला किंवा विमा कंपनीला फोटोसह कळवा.